भारताची कढई आणि सुमात्राचे जंगल : लोकसंख्या व जागतिकीकरणाचा हिशेब खाद्यतेलातून

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शिधापत्रिकाधारकांना ‘आनंदाचा शिधा’ दिला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल असा तो संच होता. यातल्या पहिल्या तीन वस्तू बहुतांशी देशातच पिकतात. चौथी मात्र मुख्यत्वे इंडोनेशिया आणि मलेशियातून जहाजाने येते. ज्या घरांत पूर्वी शेंगदाण्याचे, करडईचे किंवा तिळाचे तेल वापरले जाई, त्या घरांतल्या चकल्या आणि शंकरपाळे आता हजारो किलोमीटर दूरच्या मळ्यांतून आलेल्या तेलात तळले जातात.

हा बदल कसा झाला, असे विचारले तर सहज मिळणारे उत्तर असते : ‘लोकसंख्या वाढली, मग आयात करावीच लागणार.’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. लोकसंख्यावाढ आणि जागतिकीकरण एकत्र आल्यावर अर्थव्यवस्थेचे आणि पर्यावरणाचे नेमके काय होते, हे समजून घ्यायला खाद्यतेलाइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

लोकसंख्येमुळे मागणी किती वाढली?

१९९१ च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या सुमारे ८४ कोटी ६० लाख होती. त्या वेळी एक व्यक्ती वर्षाला सरासरी साडेपाच किलोच्या आसपास खाद्यतेल वापरत असे. म्हणजे देशाची एकूण गरज ४५ ते ५० लाख टनांच्या घरात होती. आज लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली आहे. ही वाढ साधारण १.७ पट आहे.

खाण्याच्या सवयी आणि तेलाचा दरडोई वापर तेवढाच राहिला असता, तर आजची गरज ८० लाख टनांच्या आसपास असती. प्रत्यक्षात देश वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास किंवा त्याहून अधिक खाद्यतेल वापरतो. लोकसंख्या पावणेदोन पटही झालेली नाही, तेलाचा खप मात्र पाचपटीहून अधिक झाला आहे. मधला मोठा फरक दरडोई वापराचा आहे. तो आता वर्षाला १८-१९ किलोंच्या घरात आहे, म्हणजे तिपटीहून अधिक.

पर्यावरणाच्या अभ्यासात यासाठी एक साधे सूत्र वापरले जाते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल एरलिक आणि जॉन होल्ड्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या मांडणीतून ते पुढे आले. पर्यावरणावरचा परिणाम म्हणजे लोकसंख्या, दरडोई उपभोग आणि तंत्रज्ञान या तिन्हींचा गुणाकार. तंत्रज्ञान याचा अर्थ इथे एवढाच, की एक किलो वस्तू तयार करताना किती जमीन, पाणी आणि इंधन लागते. तिन्ही गोष्टी एकमेकींना गुणतात, त्यामुळे लोकसंख्या थोडी वाढली आणि उपभोगही वाढला तर एकूण परिणाम अनेक पटींनी वाढतो.

या सूत्रात एक गोष्ट दिसत नाही. परिणाम किती होतो ते कळते, पण तो कुठे होतो हे कळत नाही. जागतिकीकरणाचा संबंध येतो तो इथे.

दरडोई वापर एवढा का वाढला?

यातली काही वाढ स्वागतार्ह होती. १९९० च्या आधी अनेक गरीब कुटुंबांच्या आहारात स्निग्ध पदार्थ गरजेपेक्षा कमी होते. उत्पन्न वाढल्यावर त्यांच्या भाजीत थोडे अधिक तेल पडले, हे चांगलेच झाले.

त्यानंतरची वाढ वेगळ्या प्रकारची आहे. शहरीकरण झाले, बाहेर खाणे वाढले. वडापाव, समोसा, फरसाण, बिस्किटे, नूडल्स, वेफर्स असे पदार्थ रोजचे झाले. या पदार्थांत किती तेल आहे ते घरच्या तेलाच्या किटलीवरून कळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार एका व्यक्तीला वर्षाला सुमारे १२ किलो तेल पुरेसे आहे. देशाची सरासरी त्याच्या दीडपट झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा मुद्दा मांडताना तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, त्याला हीच पार्श्वभूमी होती.

तेल स्वस्त राहिले हेही वापर वाढण्याचे एक मोठे कारण. ते स्वस्त राहिले याला व्यापार धोरण कारणीभूत आहे.

स्वयंपूर्णता आली आणि गेली कशी?

१९८० च्या दशकात खाद्यतेलाची आयात हा सरकारसाठी डोकेदुखीचा विषय होता. परकीय चलन अपुरे होते. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. सुधारित बियाणे, हमीभाव, खरेदीची व्यवस्था आणि आयातीवर नियंत्रण अशी चौफेर आखणी होती. दहा वर्षांत तेलबियांचे उत्पादन दुप्पट झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाला आपल्या गरजेच्या जेमतेम दोन-तीन टक्के तेल आयात करावे लागत होते. यालाच ‘पीतक्रांती’ म्हटले गेले.

ती टिकली नाही. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांसाठी खुली झाली. तेव्हा आयात शुल्क ६५ टक्के होते. पुढच्या चार वर्षांत ते टप्प्याटप्प्याने १५ टक्क्यांच्या आसपास आले. त्याच काळात जागतिक बाजारात पामतेल मुबलक होते. देशातल्या शेंगदाणा, करडई, सूर्यफूल उत्पादकाला या भावाशी स्पर्धा करणे शक्य नव्हते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शुल्क इतके उतरवणे जागतिक व्यापार संघटनेने भारताला भाग पाडले, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात संघटनेच्या नियमांनुसार भारताला पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा होती आणि आहे. सोयाबीन तेलासाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. शुल्क किती ठेवायचे हा निर्णय बऱ्याच अंशी दिल्लीतच होत आला आहे. तेल महागले की शहरी आणि गरीब ग्राहक नाराज होतो, तेल स्वस्त झाले की शेतकरी अडचणीत येतो. सरकारे या दोन टोकांमध्ये शुल्काचा काटा मागेपुढे करत राहिली.

आज देशाच्या गरजेपैकी ५५ ते ६० टक्के खाद्यतेल आयात होते. अलीकडच्या वर्षांत ही आयात १६० लाख टनांच्या आसपास आहे आणि त्यासाठी वर्षाला सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च होतात. पामतेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार भारत आहे.

पामतेलच का?

ऑइल पाम हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतले झाड. १८४८ मध्ये डचांनी त्याची चार रोपे जावा बेटावरच्या बोगोर येथील वनस्पती उद्यानात आणून लावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमात्रा आणि मलायात व्यापारी मळे सुरू झाले. १९८१ मध्ये मलेशियाने आफ्रिकेतल्या कॅमेरूनहून परागीभवन करणारा एक छोटा भुंगा आणून सोडला. त्याआधी मजूर लावून हाताने परागीभवन करावे लागत असे. ते बंद झाले आणि उत्पादन वाढले.

या झाडाची खरी ताकद हेक्टरी उताऱ्यात आहे. चांगल्या मळ्यातून हेक्टरी तीन ते चार टन तेल मिळते. भारतात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सुमारे एक टन आहे आणि सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के असते. म्हणजे हेक्टरी तेल निघते दोनशे किलोंच्या आतच. शिवाय पामतेल वर्षभर मिळते, जास्त तापमान सहन करते, बिस्किटांना खुसखुशीतपणा देते आणि लवकर खवट होत नाही. हॉटेलवाल्यापासून साबण कारखान्यापर्यंत सगळ्यांना ते सोयीचे पडते.

सुमात्रा आणि बोर्निओत काय घडले?

भारत आणि चीनसारख्या मोठ्या ग्राहकांची मागणी वाढत गेली तशी इंडोनेशियातली लागवडही वाढली. २००६ च्या सुमारास इंडोनेशियाने मलेशियाला मागे टाकले. आज तिथे सुमारे दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ऑइल पाम आहे. दोन्ही देश मिळून जगातले ८० टक्क्यांहून अधिक पामतेल पुरवतात.

यातली बरीच लागवड उष्ण कटिबंधातले घनदाट जंगल तोडून झाली. काही ठिकाणी तर ती पीट जमिनीवर झाली. पीट म्हणजे पाण्याखाली हजारो वर्षे साचलेले, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर. त्यांत प्रचंड कार्बन साठलेला असतो. पाम लावण्यासाठी चर खणून अशा जमिनीतले पाणी काढले जाते. मग तो थर वाळतो, कुजतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. वाळलेल्या पीटला आग लागली की ती जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसते, विझता विझत नाही.

२०१५ मध्ये एल निनोमुळे पाऊस लांबला आणि इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत पोहोचला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. या आगींनी इंडोनेशियाचे सुमारे १६ अब्ज डॉलरचे नुकसान केले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. सगळ्या आगी पामच्या मळ्यांतल्या नव्हत्या. कागदासाठीची लागवड आणि इतर शेतीचाही त्यात वाटा होता. बोर्निओ आणि सुमात्रा येथील ओरांगउटान आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि अधिवास तुटणे हे त्याचे एक मुख्य कारण आहे.

याला दुसरीही बाजू आहे. इंडोनेशियातल्या पामच्या क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांच्या हाती आहे. अनेक गावांत या पिकाने पैसा आणला, रस्ते आणले, मुलांचे शिक्षण झाले. त्याच वेळी जमिनीच्या हक्कांवरून कंपन्या आणि स्थानिक समाजांत वादही झाले. प्राथमिक जंगल आणि पीट जमिनीवर नवे परवाने देण्यास इंडोनेशियाने २०११ मध्ये स्थगिती दिली आणि २०१९ मध्ये ती कायम केली. गेल्या दशकात पामसाठी होणारी जंगलतोड आधीच्या तुलनेत मंदावली आहे.

लातूरच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

मराठवाड्यात एकेकाळी रब्बीत करडई सर्रास दिसे आणि घाण्यावर काढलेले करडईचे तेल घरोघरी असे. सूर्यफुलाचे क्षेत्रही मोठे होते. १९९० च्या दशकात देशात २० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर सूर्यफूल होते, आता ते त्याच्या एक-पंचमांशाहूनही कमी उरले आहे. त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी सोयाबीनने घेतली. कमी दिवसांत येणारे आणि रोख पैसे देणारे हे पीक आज लातूर, धाराशिव, वाशिम, बुलढाणा या जिल्ह्यांच्या अर्थकारणाचा कणा आहे.

सोयाबीन मात्र मुळात तेलापेक्षा पेंडीचे पीक आहे. १०० किलो सोयाबीन गाळले की १८ किलोंच्या आसपास तेल निघते, उरते ती बहुतांश पेंड. ती कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. त्यामुळे मोंढ्यातला सोयाबीनचा भाव दोन जागतिक बाजारांना बांधलेला असतो, एक तेलाचा आणि दुसरा पेंडीचा.

२०२१ च्या पावसाळ्यात काही बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेले होते. कुक्कुटपालकांची अडचण झाल्याने ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव घसरला. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता, तरी अनेक शेतकऱ्यांना सोयाबीन त्याहून बरेच कमी भावाने विकावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. तेल महागले, पण सोयाबीनचा भाव अपेक्षेइतका वाढला नाही. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने पेंडीची मागणी थंड होती. मे २०२५ मध्ये महागाईचे कारण देऊन कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले.

पेरणीच्या वेळी असलेले शुल्क काढणीच्या वेळी तसेच असेल याची शेतकऱ्याला खात्री नसते. करडई किंवा सूर्यफुलाकडे परत वळण्याचा धोका मग कोण पत्करणार?

आयातीवर एवढे अवलंबून राहिल्याने काय धोका?

२०२२ मध्ये हा धोका प्रत्यक्ष दिसला. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. भारतात येणारे बहुतेक सूर्यफूल तेल याच दोन देशांतून येते, त्यामुळे पुरवठा अडकला. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने आपल्याच नागरिकांना तेल महाग पडते म्हणून पामतेलाची निर्यात बंद केली. ही बंदी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकली. तेवढ्या काळात मुंबई-पुण्यातल्या किराणा दुकानांत भाव कडाडले. निर्णय जकार्तात झाला होता, फटका इथल्या वडापावच्या गाडीला बसला.

खुल्या व्यापाराने ग्राहकाला अनेक वर्षे स्वस्त तेल दिले हे खरे. मात्र निर्यातदार देशावर संकट आले की तो आधी आपल्या माणसांचा विचार करतो, हेही तितकेच खरे.

मग पामतेल वापरणे बंद करावे का?

जंगलतोडीची चर्चा निघाली की हा उपाय आधी सुचतो. पण आकडे वेगळे सांगतात. भारत वर्षाला साधारण ८० ते ९० लाख टन पामतेल आणतो. त्यातले ८० लाख टन तेल देशातल्या सोयाबीनमधून काढायचे ठरवले, तर आजच्या उताऱ्याने चार कोटी हेक्टरांहून अधिक जमीन लागेल. महाराष्ट्राचा सगळा भूभाग मिळून सुमारे तीन कोटी आठ लाख हेक्टर आहे. तेच तेल ब्राझीलमधून आणले, तर दबाव तिथल्या जंगलांवर आणि गवताळ प्रदेशांवर जाईल. म्हणून प्रश्न पाम चांगला की वाईट हा नसून तो कोणत्या जमिनीवर लावला आहे हा आहे.

जंगल न तोडता पिकवलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणारी यंत्रणा २००४ पासून आहे. जगातल्या उत्पादनापैकी सुमारे एक-पंचमांश तेल तिच्या कक्षेत येते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीशी संबंधित माल नाकारणारा कायदा केला. भारतासारख्या सर्वात मोठ्या ग्राहकाकडे मात्र खरेदीचा मुख्य निकष अजूनही भाव हाच आहे.

देशातच पाम लावला तर?

२०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांची राष्ट्रीय खाद्यतेल-पाम मोहीम जाहीर केली. २०२५-२६ पर्यंत आणखी साडेसहा लाख हेक्टरांवर लागवड करून एकूण क्षेत्र १० लाख हेक्टरांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हे पीक रुजले आहे. पण त्याला पाणी भरपूर लागते आणि पहिले फळ यायला तीन-चार वर्षे थांबावे लागते. मोहिमेत ईशान्य भारतावर विशेष भर आहे. तिथल्या डोंगरउतारांवरचे जंगल पामसाठी गेले, तर सुमात्रातली चूक आपल्याच घरात होईल, असा इशारा पर्यावरण अभ्यासक देत आले आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांची स्वतंत्र मोहीमही मंजूर झाली. तेलबियांचे उत्पादन २०३०-३१ पर्यंत सुमारे ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचे आहे. देशातली बहुतांश तेलबिया शेती पावसावर अवलंबून आहे हे लक्षात घेता हे आव्हान सोपे नाही. सरकीचे तेल, भाताच्या कोंड्याचे तेल असे उपपदार्थांतून मिळणारे स्रोत त्यात भर घालू शकतात, आणि त्यांना नवी जमीन लागत नाही.

पुढचा मार्ग कोणता?

पुन्हा त्या गुणाकाराकडे पाहू. यातली लोकसंख्या ही संख्या आता आपोआपच मंदावत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाचा जननदर २.० वर आला आहे, महाराष्ट्राचा १.७ आहे. लोकसंख्या आणखी काही दशके वाढेल, पण पूर्वीच्या वेगाने नाही. यापुढची वाढ मुख्यत्वे दरडोई वापर ठरवणार आहे.

आज जो सरासरी वापर आहे तो १० टक्क्यांनी कमी झाला, तर वर्षाला सुमारे २५ लाख टन तेल वाचेल. हा आकडा आयातीच्या जवळपास सहाव्या हिश्शाएवढा आहे. हेक्टरी साडेतीन टनांच्या हिशेबाने एवढे तेल पिकवायला सात लाख हेक्टर पामचे मळे लागतात. देशात जेवढी नवी लागवड करण्यासाठी मोहीम आखली गेली, जवळपास तेवढेच हे क्षेत्र आहे. अर्थात ही कपात सर्वांसाठी सारखी असू शकत नाही. ज्या घरात आजही तेल मोजून वापरले जाते त्याला ती लागू नाही. ती लागू होते गरजेहून जास्त खाणाऱ्यांना आणि तळलेल्या, पाकीटबंद पदार्थांना.

सुमात्रातले जंगल इथल्या ग्राहकाला दिसत नाही आणि लातूरच्या मोंढ्यातला भाव जकार्तातल्या मंत्र्याला दिसत नाही. जागतिकीकरणाने वस्तू जवळ आणल्या, पण त्यांची खरी किंमत दूर नेऊन ठेवली. तेलाच्या पाकिटावर छापलेल्या किमतीत जळालेले पीट धरलेले नसते आणि करडई सोडून दिलेल्या शेतकऱ्याचे नुकसानही धरलेले नसते. शुल्काचे धोरण किमान पेरणी ते काढणी स्थिर राहिले, मोठ्या खरेदीदारांनी तेल कोणत्या जमिनीवरून आले हे विचारले आणि वापर आरोग्याला झेपेल एवढा झाला, तर ही किंमत थोडी तरी कमी होईल. यातल्या एकाही गोष्टीसाठी लोकसंख्या कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही.